भिंतीपलीकडची चुकरी

सदबर्गनं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याची दोन बोटं तिच्या बकरीच्या तोंडात होती.

बकरी भिंतीवरून उडी मारून शेजारच्या बागेत गेली, यात नवल काहीच नव्हतं. म्हातारे तबरशो वारल्यापासून त्या घराला कुलूप होतं आणि बाग जणू मलिकेच्याच नावावर झाली होती. मलिका म्हणजे बकरी. सदबर्ग कालच हिसोरहून परतली होती. अख्खा हिवाळा तिनं मावशीकडे शिवणकाम शिकण्यात घालवला होता, आणि तेवढ्यात शेजारचं कुलूप निघेल, तिथे माणूस येईल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. म्हणून मलिकेच्या मागोमाग ती नेहमीसारखी भिंतीवर चढली आणि चढली तशीच थबकली. खाली चिखलात एक तरुण गुडघे टेकून बसला होता. एका हातात मलिकेचं शिंग, दुसरा हात तिच्या जबड्यात...

"अहो! काय करताय? सोडा तिला!"

"थुंक," तो म्हणाला. सदबर्गला नव्हे, बकरीला. "थुंक म्हणतो ना!"

"बकरी थुंकते का कधी?"

"तुझी आहे का? मग तू सांग तिला."

शेवटी त्यानं मलिकेच्या तोंडातून एक चुरगळलेलं हिरवं पान ओढून काढलं आणि लांब भिरकावलं. मग वर पाहिलं. डोळे करडे होते, आणि कपाळावर चिखलाचा एक फराटा.

"पान विषारी असतं हे," तो म्हणाला. "पोट धरून बसली असती रात्रभर."

"कशाचं पान?"

सदबर्गची नजर आता बागेभर फिरली. ओल्या मातीत दोन-दोन हातांच्या अंतरावर काहीबाही उपडं घालून ठेवलं होतं. जुन्या बादल्या, रंगाचा एक डबा, एक तर चक्क तोटी तुटलेला चहाचा समोवार. सगळी मिळून सात. प्रत्येकावर एकेक धोंडा. सातवी बादली मलिकेनं लाथाडून कलंडवली होती आणि तो घाईघाईनं ती परत उपडी घालत होता, एखाद्यानं उघड्या भांड्यावर झाकण ठेवावं तशी.

"काय आहे त्यांच्याखाली?"

"काही नाही."

"काही नाही, मग वर धोंडे कशाला?"

"उडून जाऊ नये म्हणून."

"काही नाही... ते उडून जातं?"

"हो ना. फार हलकं असतं ते."

आणि तो हसला. बारीक हिमकण पडायला लागले होते. मार्चचं काही खरं नसतं. सदबर्गनं मलिकेला कानाला धरून वर ओढलं आणि आपल्या बाजूला खाली उतरली. पण त्या दिवशी तिनं चहात दोनदा साखरेऐवजी मीठ टाकलं.

*

"तबरशोंचा पुतण्या तो," तिची थोरली बहीण शरोफत आपा तंदुरापाशी कणीक थापता थापता म्हणाली. "सियोवुश. पानगळीत आलाय. रशियाहून."

रशिया हा शब्द त्या घरात जपूनच उच्चारला जाई. चश्मासोर गावातल्या दर दुसऱ्या घरातला पुरुष तिकडे विटा वाहायला गेलेला. शरोफतचा नवराही गेला होता. पहिल्या वर्षी दर आठवड्याला फोन, दुसऱ्या वर्षी महिन्याला. तिसऱ्या वर्षी एकच, तीन शब्दांचा. गावाच्या या वरच्या अंगाला फोनला रेंज मिळते ती फक्त यांच्या भिंतीच्या कोपऱ्यात, जर्दाळूखाली. तिथे उभं राहून शरोफतनं तलाकचे ते तीन शब्द ऐकले, फोन खिशात ठेवला आणि आत येऊन उरलेली कणीक मळली. त्याला आता पाच वर्षं झाली होती. आई तर त्याही आधी गेलेली. घरात वडील आणि या दोघी बहिणी.

"भिंतीवर चढत जाऊ नकोस," शरोफत म्हणाली. "रशियावाल्याची सावलीसुद्धा खिशात पासपोर्ट ठेवून फिरते."

"मी बकरी आणायला गेले होते, आपा."

"बकरीला दोरी बांधता येते. तुला येत नाही, हीच तर पंचाईत आहे."

दोन दिवस सदबर्ग भिंतीकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी भिंतीपलीकडूनच हाक आली.

"ए बकरीवाली! लेंडीखत आहे का तुमच्याकडे? विकत देतेस?"

तिनं भिंतीवरून डोकं काढलं. "देईन की. पण पैसे नकोत."

"मग?"

"एक टोपली, एक प्रश्न. आणि उत्तर खरं पाहिजे, अका."

"आणि उत्तर आवडलं नाही तर? खत परत नेशील?"

"नेईन. टोपलीत भरून."

त्यानं थोडा विचार केल्यासारखं केलं. मग हात पुढे केला. टोपली भिंतीवरून पलीकडे गेली.

"बादल्यांखाली काय आहे?" तिनं लगेच विचारलं. तीन दिवसांपासून हा प्रश्न तिच्या जिभेवर वळवळत होता.

"चुकरी."

सदबर्ग इतकी हसली की भिंतीवरून पडता पडता वाचली. चुकरी! डोंगरावरचा बर्फ वितळला की खडकांमधून आपोआप उगवणारी, चुक्याच्या थोरल्या बहिणीसारखी, जाडजूड देठांची, दात आंबवणारी चुकरी. वसंतात सगळं गाव ती आणायला वर चढतं, रस्त्याकाठी जुड्या मांडून विकतं, देठ सोलून मिठाशी खातं. ती कुणी बागेत लावतं का? तिचे वडील नझरअली म्हणजे तर गावातला चुकरीचा सगळ्यात पट्टीचा माणूस. कुठल्या घळीत कुठल्या आठवड्यात ती किती बोटं वर येते, हे त्यांना डोळे मिटून ठाऊक.

"बर्फ पण पेरा ना, अका! तोही उगवेल!"

"हस," तो म्हणाला. राग आल्यासारखा नाही, उलट तिचं हसणं ऐकतच राहावं तसा. "तिसऱ्या वर्षी बोलू."

"तिसऱ्या?"

"तो दुसरा प्रश्न झाला. टोपली आण."

*

मग टोपल्या जातच राहिल्या.

दुसऱ्या टोपलीला कळलं की यंदा एकही देठ काढायचा नाही, रोप अशक्त होतं. पुढच्या वर्षी झाडामागे दोनच. तिसऱ्या वर्षी पोटभर. तिसऱ्या टोपलीला कळलं की ही डोंगरातली नाहीच मुळी. रशियातल्या एका म्हातारीच्या बागेतलं एकच मोठं मूळ त्यानं ओल्या गोणपाटात गुंडाळून चार दिवसांच्या आगगाडीतून आणलं, आणि फावड्यानं त्याचे सात तुकडे केले. प्रत्येक तुकड्यावर एकेक डोळा राहील असे. चौथ्या टोपलीला तिनं त्याचं वय विचारून घेतलं. पाचवीला काहीच सुचेना, तेव्हा समोवार कुठे मिळाला ते विचारलं.

"तीन वर्षांचं बोलतो तो, आपा," एकदा ती शरोफतला म्हणाली. "जाणारा माणूस तीन वर्षांचं झाड कशाला लावेल?"

"बोलायला काय जातं? माझा तर दहा वर्षांचं बोलायचा. दोन मजली घर, वर गच्ची, गच्चीवर द्राक्षाचा वेल... वेलाची जागासुद्धा दाखवली होती मला."

सदबर्ग पुन्हा शिवणाकडे वळली. पण मनातलं कुतूहल काही गप्प बसेना. जी माणसं जातात ती जातात, हे तिला माहीत होतं. हा परत का आला? नेमका तोच प्रश्न तिनं सहाव्या टोपलीला विचारला आणि नेमकं त्याचंच उत्तर मिळालं नाही.

"याला एक टोपली पुरायची नाही," सियोवुश म्हणाला.

"किती?"

"दहा पुऱ्या होऊ देत."

"लुटारू आहात तुम्ही, अका."

"आणि ते अका म्हणणं बंद कर. मी काय तुझा भाऊ आहे?"

"मोठे आहात ना माझ्याहून."

"सहाच वर्षांनी. अका म्हणण्याइतका नाही."

"मग काय म्हणू?"

"नाव आहे मला."

"नावानं हाक मारायची..." सदबर्गनं टोपली उचलली, "एवढं खत अजून झालेलं नाही."

मे उजाडला. थंडी ओसरली तशा बादल्या केव्हाच निघाल्या होत्या. पानं सुपाएवढी झाली, देठ लालबुंद. एका रोपातून मुठीएवढी जाड, गुंडाळलेली कळी वर आली. सदबर्ग भिंतीवर कोपरं टेकून तिच्याकडे पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी आली तर सियोवुश कोयता घेऊन ती कळी बुडापासून छाटत होता.

"अहो... किती देखणी होती!"

"म्हणूनच. फूल येऊ दिलं तर सगळा जीव त्यातच जातो, मुळाला काही उरत नाही." त्यानं कापलेली कळी हातात धरून पाहिली, आणि जरा घुटमळून भिंतीवरून तिच्याकडे दिली. "पाण्यात ठेव. चार दिवस राहील."

ती आठ दिवस राहिली. शरोफतनं खिडकीतली बरणी पाहिली, बहिणीकडे पाहिलं आणि बरणीतलं पाणी बदललं.

दहावी टोपली पावसात गेली. उन्हाळ्याआधीचा तो झिमझिम पाऊस, डोंगर दिसेनासा करणारा. सियोवुशनं टोपली घेतली, खाली ठेवली, आणि यावेळी तो भिंतीला टेकून उभा राहिला. तिला फक्त त्याची भिजलेली टोपी दिसत होती.

"सहा वर्षांत मी अकरा ठिकाणी झोपलो," तो म्हणाला. "बराकीत, तळघरात, एकदा बांधकामाच्या लिफ्टमध्ये. शेवटी एका म्हातारीच्या बागेतल्या कोठीत. आंतोनिना आजी. तिच्या घराचं छप्पर करत होतो. एप्रिलमध्ये एक दिवस तिनं जेवताना माझ्यापुढे एक देठ ठेवला. म्हणाली, खा, आंबट आहे. मी सोलला, मीठ लावलं, चावला... आणि सदबर्ग, मी तिच्यासमोर रडलो. लहान पोरासारखा. ती घाबरली बिचारी. म्हणाली, अरे, नको खाऊस, आवडत नसेल तर."

पाऊस पानांवर टपटपत होता.

"मग मी विचारलं, ही कुठून आणली? तर म्हणाली, आणली कुठून, माझ्या आईनं लावलेली आहे, चाळीस वर्षं त्याच जागी आहे. चाळीस वर्षं! एक झाड चाळीस वर्षं एका जागी बसलंय, आणि मी... मला माझी उशीसुद्धा ओळखीची नव्हती. छप्पर पुरं केलं आणि मजुरीऐवजी ते मूळ मागितलं. म्हातारी म्हणाली, वेडा आहेस. पैसेही दिले आणि मूळही."

सदबर्गनं भिंतीवरून हात खाली सोडला, आणि त्याच्या ओल्या टोपीवर क्षणभर टेकवला. मग झटकन ओढून घेतला, जणू भाजलं.

"टोपी निथळत होती," ती म्हणाली.

"हो ना," तो म्हणाला. वर पाहिलं नाही त्यानं.

*

हिवाळ्यात सियोवुश राजधानीत, दुशान्बेला, बांधकामावर गेला. बागेवर पालापाचोळ्याची गादी घालून गेला. "झाली सुरुवात," शरोफत म्हणाली. पण दर शुक्रवारी तो वाटणीच्या टॅक्सीनं परत यायचा. पाच माणसं, कोबीची पोती, आणि मागे दाटीवाटीत हा. बर्फानं रस्ता बंद झाला तेवढे दोन शुक्रवार चुकले. त्या दोन शुक्रवारी सदबर्गनं एकाच झग्याची बाही तीनदा उसवली.

दुसऱ्या वसंतात वेगळंच घडलं. नझरअली दोन दिवस डोंगरावर राहून परतले ते रिकामं पोतं घेऊन. आयुष्यात पहिल्यांदा. जवळच्या घळी लोकांनी मुळांसकट उकरून नेल्या होत्या, आणि लांबच्या कड्यांवर चढायला गुडघा साथ देत नव्हता. पोतं खांद्यावरून न काढताच ते अंगणातल्या लाकडी तख्तावर बसले. सदबर्गनं चहा आणला, तो निवून गेला. बऱ्याच वेळानं त्यांची नजर भिंतीकडे गेली. भिंतीवरून दोन-चार रुंद हिरवी पानं डोकावत होती.

ते उठले. भिंतीवरून नाही, फाटकातून बाहेर पडले, रस्त्यानं वळसा घालून शेजारच्या बागेत गेले. सदबर्ग कान देऊन जर्दाळूखाली उभी राहिली.

"तू तो बर्फ पेरणारा?" वडिलांचा आवाज.

"मीच, आमक," सियोवुश काकांशी बोलावं तशा अदबीनं म्हणाला.

"दाखव तुझा बर्फ."

सियोवुशनं एक देठ काढून पान तोडून टाकलं आणि दिला. नझरअलींनी चाकूनं साल काढली, चावलं, डोळे बारीक केले.

"आंबट आहे," ते म्हणाले. "पण डोंगर नाही यात."

"नाही. खत आहे, तुमच्या मलिकेचं."

नझरअलींनी देठाकडे पाहिलं. मग मोठ्यानं हसले. कितीतरी दिवसांनी. "म्हणजे माझी पोरगी रोज टोपली भरून घेऊन जाते ती इथे? मला वाटायचं, एवढी नीटनेटकी कधी झाली!"

जर्दाळूखाली सदबर्गचे कान तापले.

पानगळ लागली तेव्हा नझरअलींनी एक पुरचुंडी आणून सियोवुशच्या हातावर ठेवली. उंच कड्यावरच्या चुकरीचं बी, कागदासारख्या पातळ पंखांचं. "हे आत्ताच टाक. हिवाळाभर बर्फाखाली राहू दे. सगळ्याला थंडी बाधत नाही." आणि जाता जाता, "दुसऱ्याची पोरगी भिंतीवर चढवतोस ते काही बरं नाही," एवढंच म्हणाले. पण आवाजात धार नव्हती.

*

तिसऱ्या वसंतात बागेत पाय ठेवायला जागा नव्हती. सात रोपांची सात झुडपं झाली होती, आणि भिंतीलगत वडिलांनी दिलेल्या बियांची चिमुकली रोपं. त्या सकाळी सदबर्ग पहिल्यांदा फाटकातून आत आली, वडिलांना सांगून, जुड्या बांधायला.

"चाकू नको," सियोवुश म्हणाला. "कापलं तर उरलेला खुंट कुजतो. असं बुडाशी धर... खाली, अजून खाली. आता जरा पीळ आणि ओढ."

तिनं ओढलं. नुसतं पान फाटून हातात आलं.

"एवढा जोर कशाला? ती काय पळून चाललीये?"

"तुम्हीच दाखवा मग."

त्यानं तिच्या हातावर हात ठेवला. बोटं खरखरीत होती, मातीनं माखलेली. देठ पिळला गेला, आणि खालून हलकासा आवाज येऊन तो अलगद निघून आला. पांढरट-गुलाबी बूड, दवानं ओलं. हात काही लगेच सुटले नाहीत...

तेवढ्यात त्याचा फोन थरथरला. त्यानं नाव पाहिलं आणि कोपऱ्याकडे गेला, भिंतीवरून झुकलेल्या जर्दाळूखालच्या त्या एकुलत्या एका जागेकडे. भिंतीच्या पलीकडे शरोफत दोरीवर रजया वाळत घालत होती. सदबर्गला तिचा फक्त रुमाल दिसत होता, आणि तो हलायचा थांबला होता.

फोनवर रशियातला मुकादम होता. त्याचा आवाज एवढा मोठा की बागेत इथपर्यंत ऐकू येत होता. नवीन इमारत, दुप्पट पगार, राहायला खोली, तिकीट आम्ही काढतो, सोमवारी ये.

"नाही," सियोवुश म्हणाला.

पलीकडून पुन्हा बरंच काही.

"नाही, मालक. नंतरही नाही. दुसरा माणूस बघा. माझं इथे काम आहे."

तो परत आला, जिथे थांबला होता तिथेच बसला आणि दुसऱ्या झुडपाला हात घातला.

"दुप्पट?" सदबर्गनं विचारलं.

"हं."

"छप्पर गळतं तुमचं."

"हं. यंदा नीट करीन. आणि पानगळीत मुळं वाटून लावायची आहेत, फार मोठी झालीत. सातांची वीस होतील. मग विचार आहे की—"

"सियोवुश."

देठांची अख्खी जुडी त्याच्या हातातून खाली पडली. दोन वर्षांत तिनं पहिल्यांदा नावानं हाक मारली होती.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला.

"नाही. आधी तुम्ही म्हणा. जे म्हणायचंय ते."

तो मातीकडे पाहत राहिला, मग तिच्याकडे. "मला तू हवीस. भिंतीवर नाही... भिंतीच्या या बाजूला. रोज. चहात मीठ घातलंस तरी."

ते त्याला कुणी सांगितलं, हे विचारायचंही तिला सुचलं नाही. हसावं की रडावं तेही कळेना. "मग बागेत बसून कसली मागणी घालता? फाटकातून या ना. दादाजानना विचारा."

त्याचा चेहरा उतरला. "फाटकातून रिकाम्या हातानं येत नाहीत, सदबर्ग. नान घेऊन येतात, मुलीच्या वडिलांनी तो मोडला की सोयरीक जुळली. आणि तो मुलानं आपला आपण न्यायचा नसतो. आई नेते, मावशी नेते, बहीण नेते. माझं कोण आहे? काका होते, तेही गेले. बिनमाणसाच्या घरात तुझे वडील तुला कशी देतील? आणि तुझी आपा... तिला तर माझ्या सावलीचाही भरवसा नाही."

"मग काय, जन्मभर खतच नेऊ का मी?" ती ओरडली, आणि अर्धवट बांधलेली जुडी तिथेच टाकून घरी पळाली.

शरोफतनं तिला दाराशी अडवलं. "काय म्हणाला?"

"काही नाही."

"रडतेस कशाला मग?"

आणि सदबर्गनं सगळं सांगितलं. नान, आई, मावशी, बहीण, सगळं. शरोफत रजईची घडी घालत ऐकत होती. घडी झाली, मोडली, पुन्हा घातली. "तोंड धू," एवढंच म्हणाली.

*

शुक्रवारी सकाळी सदबर्गला जाग आली ती ताज्या नानाच्या वासानं. तंदूर पेटलेला होता, पण शरोफत कुठेच नव्हती. नझरअली तख्तावर हिरवा चहा पीत बसले होते.

फाटकावर टकटक झाली.

त्या फाटकावर कधी कुणी टकटक करत नसे, ते दिवसभर उघडंच असे. नझरअलींनी मान वळवली. फाटकात शरोफत उभी होती. डोक्याला सणाचा रुमाल, पायात ठेवणीतले जोडे, हातावर भरतकामाच्या कापडात बांधलेलं गाठोडं.

"सलाम अलैकुम. पाहुणे घ्याल का घरात?"

"शरोफत, डोकं ठिकाणावर आहे ना? ये की आत."

"आत्ता मी शरोफत नाही. मुलाकडची आहे."

"कुठल्या मुलाकडची?"

"भिंतीपलीकडच्या."

नझरअलींनी पेला खाली ठेवला. दाराआड सदबर्गनं चौकट घट्ट धरली.

"मुलाची तू कोण?" वडिलांनी विचारलं. स्वर अगदी रीतीतला, जसा परक्याला विचारतात.

"बहीण."

"कधीपासून?"

"आज सकाळपासून."

"हं. बस मग." ते सरकून बसले. "मुलाचं काय सांगशील?"

"घर आहे, छप्पर गळतं. हातात कसब आहे. बोलतो कमी, जेवतो बेताचं. बाग आहे, ती तुम्ही पाहिलीच आहे. दोष म्हणाल तर हट्टी आहे. आणि मुलीचं मला विचारूच नका. भिंतींवर चढते, चहात मीठ घालते."

"आपा!" दाराआडून आवाज आला.

"आणि दाराआडून ऐकते."

नझरअली हसले नाहीत. गाठोड्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आता मुलाची बहीण म्हणून नको. माझी मुलगी म्हणून सांग. हा जाईल का?"

शरोफतनं गाठोडं जवळ ओढलं.

"जाणार नाही, असं मी सांगणार नाही," शरोफत म्हणाली. "माझ्या वेळी सगळ्यांनी सांगितलं होतं. मला एवढंच माहीत आहे, परवा त्याला बोलावणं आलं तेव्हा तो जर्दाळूखाली उभा होता. मी पलीकडे होते, आणि त्याला ते माहीतही नव्हतं. तो नाही म्हणाला, दादाजान. दोनदा. माझ्या कानांनी ऐकलं मी."

तिनं गाठ सोडली. दोन गोल नान, वर शिक्क्याची नक्षी, अजून वाफाळत होते.

नझरअलींचा हात पुढे आला आणि थांबला. "गेल्या वेळी नान मी मोडला होता, शरोफत. तुझा." त्यांनी नानाच्या कडेवरून बोट फिरवलं. "त्यानंतर गावात कुणाचा मोडायला मी गेलो नाही."

"माहीत आहे. म्हणून तर मी आणलाय."

त्यांनी रुमालानं डोळे पुसले, घाम पुसल्यासारखे. मग दाराकडे तोंड करून हाक मारली, "सदबर्ग! कान आहेत तसे पायही असतील. बाहेर ये."

ती आली. डोक्यावरचा रुमाल सावरता येईना, नजर कुठे ठेवावी कळेना. भिंतीवरून एक टोपी अर्धवट दिसत होती, अजिबात न हलणारी.

"आपल्यात मोडल्याशिवाय जुळत नाही," वडील नान हातात घेऊन म्हणाले. "पण एकदा मोडला की परत सांधता येत नाही. बोल. मोडू?"

सदबर्गला किती बोलायचं होतं. त्याच्याबद्दल, आपाबद्दल, चाळीस वर्षांबद्दल. शेवटी जे निघालं ते असं—

"मोडा ना, दादाजान... गार होतोय."

नझरअलींनी नान मोडला. पहिला तुकडा त्यांनी शरोफतच्या हातावर ठेवला.